‘किती मोजाल?’ असं विचारून काही मोजता येतं का?

तिरपा_डोळा

‘मोजणे’ या क्रियापदाची आपल्याकडे गंमत आहे. आपण लांबी मोजतो आणि पैसेही मोजतो. अर्थशास्त्रातल्या एका पंथाने ही गंमत जरा जास्तच मनावर घेतलीय. स्वच्छ हवा, नदी, एखादा पक्षी, आजार टळणं यांना बाजारभाव नसतो. मग माणसांना विचारायचं, ‘यासाठी किती मोजाल?’ उत्तरांची सरासरी काढायची, घरांच्या संख्येने गुणायचं, की झालं त्या गोष्टीचं मोल! याला कंटिंजंट व्हॅल्युएशन असं भारदस्त नाव आहे.

माझं म्हणणं, यातून मोल कळत नाही, फार तर बोलणाऱ्याची मनःस्थिती कळते. सज्जड पुरावा पक्ष्यांचा. तेलाच्या उघड्या डबक्यांत पडून पाणपक्षी मरतात, डबक्यांवर जाळी टाकली तर वाचतील, तुम्ही किती द्याल? हा प्रश्न तीन गटांना विचारला. एका गटाला सांगितलं 2,000 पक्षी वाचतील, दुसऱ्याला 20,000, तिसऱ्याला 2,00,000. सरासरी उत्तरं आली 80, 78 आणि 88 डॉलर. पक्षी शंभरपट, पैसे जवळपास तेवढेच! मानसशास्त्रज्ञ कानेमान आणि अर्थतज्ज्ञ नेच यांनी 1992 साली हेच म्हटलं होतं, की लोक अशा वेळी वस्तू घेत नाहीत, आपण भले आहोत हे समाधान विकत घेतात. कापडाची किंमत विचारावी आणि एक वार घेतलं काय नि शंभर वार घेतलं काय, दुकानदाराने आकडा तोच सांगावा, तसलं हे.

जुना_हिशेब

तो पक्ष्यांचा अभ्यास कुणाच्या पैशाने झाला तेही लिहायचं होतं. मार्च 1989 मध्ये अमेरिकेत अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या खाडीत एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं, तेल पसरलं. नुकसानीचा आकडा काढायला अलास्का राज्याने कार्सन, मिचेल वगैरे अभ्यासक मंडळींना बसवलं. इकडे जहाजवाल्या एक्सॉन तेल कंपनीने याच पद्धतीचं हसं करणाऱ्या अभ्यासांना पैसे पुरवले, त्यातलेच हे पक्षी.

शिवाय त्या तीन गटांना नुसते आकडे नव्हते सांगितले, एकूण पक्ष्यांत त्यांचं प्रमाणही सांगितलं होतं: एक टक्क्यापेक्षा खूपच कमी, एक टक्क्याहून कमी, साधारण दोन टक्के. ऐकणाऱ्याच्या कानाला हे तिन्ही ‘थोडेसे’च. प्रश्नच मोघम विचारला तर उत्तर काटेकोर कुठून येणार?

तिरपा_डोळा

पैसे कुणी दिले यावरून आकडे खोटे ठरत नाहीत. टक्क्यांचा मुद्दा मात्र बरोबर आहे, तो मी धरायला हवा होता.

जुना_हिशेब

आता अलास्कावाल्यांनी काय केलं ते बघ. ‘किती द्याल’ असं मोकळं विचारलंच नाही. हजारावर माणसांना समोरासमोर बसून नकाशे, फोटो दाखवले. तेलवाहू जहाजांसोबत रक्षक जहाजं ठेवली तर पुढच्या दहा वर्षांत असा अपघात होणार नाही, त्यासाठी घरटी एकदाच कर बसेल, तुम्ही बाजूने मत द्याल की विरोधात? कुणाला 10 डॉलर सांगितले, कुणाला 30, 60, 120. मध्यक, म्हणजे निम्म्या घरांना चालेल असा आकडा, निघाला साधारण 31 डॉलर प्रत्येक घरामागे. घरांच्या संख्येने गुणल्यावर 2.8 अब्ज. त्यातली बहुतेक माणसं अलास्काला आयुष्यात जाणार नव्हती! तरीही ती जागा तशीच राहावी म्हणून पैसे द्यायला तयार होती. अर्थतज्ज्ञ क्रुटिलाने 1967 मध्ये मांडलेलं ‘नुसतं असण्याचं मोल’ ते हेच.

1992-93 मध्ये अमेरिकी सरकारने अ‍ॅरो आणि सोलो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून ही पद्धत तपासली. दोघेही नोबेलवाले, कुणाच्या ताटाखालची मांजरं नव्हेत. त्यांनी अटी घातल्या: समोरासमोर मुलाखत, हो-नाही मतदान, ‘हे पैसे दुसऱ्या कुठल्यातरी खर्चातून कमी होतील’ याची आठवण. या पाळल्या तर नुकसानभरपाईच्या खटल्यात सुरुवात करण्याइतपत आकडा विश्वासाचा, असा निर्वाळा दिला.

शंका_समाधान

निर्वाळा दिला म्हणून भांडण मिटलं असं नाही हं. अर्थतज्ज्ञ हाउसमनने 2012 मध्येही या पद्धतीला संशयास्पद ते निरुपयोगी अशा शब्दांत झोडपलंय.

वाळवंटी_उंट

विचारायचंच कशाला? माणूस काय करतो ते बघा की. अर्थतज्ज्ञ हॉटेलिंगने 1947 मध्ये राष्ट्रीय उद्यानांबद्दल पत्रात सुचवलं होतं, लोक किती लांबून, किती खर्च करून येतात यावरून मोल काढा. तोंडाच्या वाफा नकोत.

जुना_हिशेब

जो कधीच जाणार नाही, त्याचं मोल प्रवासखर्चातून कसं काढणार? त्याच्या खात्यात शून्य लागणार.

कागद_पेन्सिल

मी शिकत असताना दोन उन्हाळे अशीच प्रश्नावली घेऊन दारोदार फिरले आहे. जलाशयाचं पाणी शुद्ध राहावं म्हणून पाणीपट्टीत वाढ झाली तर चालेल का, असा विषय. इथे सगळे ‘लोक’ म्हणताहेत, त्या लोकांबद्दल थोडं सांगते.

एक बाई दारात उभ्या राहून वाढीच्या दोन्ही आकड्यांना लगेच ‘हो’ म्हणाल्या. मी सही घेऊन जिना उतरते तोच वरून हाक. ‘अहो, हे खरंच बिलात लागून येणार आहे का?’ मी म्हटलं, निर्णय घेताना या उत्तरांचा विचार होईल. त्या थांबल्या, आत जाऊन कुणाशी तरी बोलल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, ‘मग त्या आधीच्या आकड्याला हो लिहा, मोठ्याला नको.’ तोपर्यंत त्या माझ्याशी गोड बोलत होत्या, तेव्हापासून हिशेब करायला लागल्या. उत्तराचा काही परिणाम होणार असं वाटलं तरच माणूस विचार करून उत्तर देतो, असं कार्सन आणि ग्रोव्ह्ज यांचं म्हणणं आहे. मला ते त्या जिन्यावर कळलं.

दुसरे एक आजोबा. प्रश्न पुरता ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘पाणी घाण करतो त्याच्याकडे जाऊन आलात का? तो किती मोजतोय?’ शून्य लिहा म्हणाले. आमच्या वहीत त्याला नाव होतं, ‘निषेध-शून्य’. म्हणजे पाणी नकोय असं नाही, प्रश्नच मान्य नाही. हे अर्ज सरासरीतून वगळायचे असतात.

वाळवंटी_उंट

म्हणजे पटलं नाही की वगळायचं. छान.

शंका_समाधान

वगळलं नाही तर ‘या माणसाला स्वच्छ पाण्याची किंमत शून्य’ असं धरलं जातं. ते बरं का?

नाडी_परीक्षा

मी आरोग्याकडच्या बाजूने लिहितो, कारण तिथे हा खेळ जिवाशी येतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हवा-प्रदूषणाच्या एका हिशेबात 70 वर्षांखालच्या जिवाचं मोल 37 लाख डॉलर आणि त्यावरच्यांचं 23 लाख धरलं होतं. 2003 मध्ये म्हाताऱ्यांनी आरडाओरड केली, तेव्हा तो आकडा वापरणं थांबवलं.

आणि पैसे मोजायची तयारी म्हणजे गरज नव्हे. केनियात कोहेन आणि द्युपा या अर्थतज्ज्ञांनी गरोदर बायकांना मच्छरदाण्या वेगवेगळ्या किमतींना देऊन बघितल्या. फुकटाऐवजी 60 सेंट किंमत लावली की घेणाऱ्यांचं प्रमाण 60 टक्के-अंकांनी घसरलं. मलेरियाचा डास काय, खिसा बघून चावतो? मोजण्याच्या तयारीवरून धोरण ठरवलं तर ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला गरजही नाही, असा निष्कर्ष निघेल.

जुना_हिशेब

उलट ती घसरण मोजली म्हणूनच तर मच्छरदाण्या फुकट वाटाव्यात हा मुद्दा भक्कम झाला ना! फुकट मिळालेलीही पैसे मोजणाऱ्यांइतकीच वापरली जाते, हेही त्याच अभ्यासात दिसलं. मोजपट्टीचा दोष नाही, वाचणाऱ्याचा आहे.

नाडी_परीक्षा

हे मान्य. पण वाचणारे कोण असतात ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

तिरपा_डोळा

त्या आजोबांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. ‘मिळवायला किती द्याल’च्या जागी ‘गमावायला किती घ्याल’ असं विचारलं तर आकडा कितीतरी फुगतो. कॉफीच्या मगांचा प्रयोग घ्या. ज्यांच्या हातात मग दिला त्यांनी तो विकायला 7 डॉलरच्या वर मागितले, विकत घेणारे 3 च्या आत थांबले. वस्तू तीच! जलाशय आपलाच असेल तर ‘घ्याल’ विचारायला हवं, आणि अ‍ॅरो-सोलो समितीने मात्र ‘द्याल’च विचारा म्हणून सांगितलं.

जुना_हिशेब

कारण ‘घ्याल’ विचारलं की काहीजण म्हणतात, कितीही दिले तरी नाही. तो आकडा गुणायचा कसा? समितीने सावधपणे कमीतला निवडला, एवढंच.

तिरपा_डोळा

गुणता येत नाही म्हणून जो गुणता येतो तो विचारायचा?

शंका_समाधान

@कागद_पेन्सिल, त्या आजोबांचं पुढे काय झालं?

कागद_पेन्सिल

वगळले. त्यांचं वाक्य मी अर्जाच्या समासात लिहून ठेवलं होतं. पण संगणकात भरताना समास भरत नाहीत.