मदत हवी आहे: उंदराच्या पायांना रेटिनॉइक अॅसिड लागतं की नाही?

मंडळी, इथे कोणी डेव्हलपमेंटल बायोलॉजीवाले आहेत का? पुढच्या आठवड्यात लॅबमधे जर्नल क्लब (शोधनिबंधावरची चर्चा) माझ्यावर आहे आणि डोक्याचा पार भुगा झालाय. रेटिनॉइक अॅसिड व्हिटॅमिन ए पासून बनतं, आरएएलडीएच२ हे ते बनवणारं एन्झाइम काढून टाकलं की उंदराचा गर्भ साधारण साडेदहा दिवसांच्या आसपास मरतो, हातापायांचे कोंबही फुटत नाहीत, इथपर्यंत ठीक. पण आरडीएच१० (हे अॅसिड बनण्याच्या आधीच्या पायरीचं एन्झाइम) बिघडलेल्या उंदरांत पुढचे पाय खुरटतात आणि मागचे मात्र बऱ्यापैकी नॉर्मल, तेही मागच्या कोंबात लॅकझी रिपोर्टरचा (अॅसिड काम करतंय तिथे रंग दाखवणारं जनुक) निळा रंग दिसत नसताना! मग कोंबडीच्या प्रयोगांवरून आपण शिकलो की हे अॅसिड खांद्याकडचा भाग ठरवतं, ते उंदराला लागू नाही असं समजायचं का? बरं, सायप२६बी१ (अॅसिड मोडून टाकणारं एन्झाइम) नसेल तर अॅसिड साठून पाय आखूड होतात, हा पुरावा ‘अॅसिड लागतं’ आणि ‘लागत नाही’ म्हणणारे दोन्ही बाजूवाले आपापल्या सोयीने वापरतात असं मला वाटतं, कारण जास्त झाल्यावर बिघडतं म्हणजे मुळात गरज होती असं थोडंच आहे. रिपोर्टरला न दिसणारं थोडंसं अॅसिड उरलेलं असू शकतं का, आणि ते तपासायचं कसं? प्लीज जरा सोप्या भाषेत सांगा, गाइड प्रश्न विचारून घाम फोडतात.