कणीक-गूळ-बेदाण्याचा झटपट ब्रेड मधोमध बसतो, सोडा किती घालावा?

विश्रामबाग_सांगली
न्याहारीसाठी यीस्टशिवाय कणकेचा गोड ब्रेड करतेय. प्रमाण असं: कणीक २५० ग्रॅम, किसलेला गूळ २०० ग्रॅम, ३ पिकलेली केळी, दही पाव वाटी, तेल अर्धी वाटी, खायचा सोडा दीड छोटा चमचा, मूठभर बेदाणे. ओव्हन नाही, त्यामुळे कढईत डबा ठेवून ५० मिनिटं. फुगतो भरपूर, पण उतरवला की मध्ये खड्डा पडतो. तळाला गिच्च थर, बेदाणे सगळे त्यातच रुतलेले आणि खाताना सोड्याची साबणासारखी चव. सोडा अजून वाढवावा का? भाजणीचा खारा ब्रेडही याच पद्धतीने होईल का?

कृष्णाकाठ
वाढवू नका, एक तृतीयांश करा. सोड्याला फुगायला आंबट लागतं. १२० ग्रॅम दह्याला पाव छोटा चमचा सोडा पुरतो. केळी आणि गूळ थोडे आम्लधर्मी असतात, त्यांच्यासाठी आणखी पाव, म्हणजे एकूण अर्धा छोटा चमचा. त्यावरचा सोडा तसाच उरतो आणि तीच ती साबणाची चव. खड्डाही त्यानेच पडतो: वायू भराभर तयार होतो, पण कणकेची भिंत शिजून घट्ट व्हायच्या आत बुडबुडे फुटतात. उरलेलं फुगवायचं काम १ छोटा चमचा बेकिंग पावडरकडे द्या. तिचा बराचसा वायू गरम झाल्यावर सुटतो.

बदललेलं प्रमाण: कणीक २४० ग्रॅम, गूळ १४० ग्रॅम, सोललेली केळी २५० ग्रॅम, दही १२० ग्रॅम, तेल ८० मिली, सोडा अर्धा आणि बेकिंग पावडर १ छोटा चमचा, मीठ पाव चमचा, बेदाणे ७५ ग्रॅम. केळी मोजून नाही, वजनानेच घ्या. ३ मोठ्या केळ्यांचा गर ४०० ग्रॅमपर्यंत जातो, मग मिश्रण पातळ होतं आणि तळ गिच्च राहतो.

किसलेला गूळ कोरडा घातला की त्याच्या गाठी भाजताना वितळून ओले, चिकट कप्पे करतात. ५० मिली गरम पाण्यात विरघळवा, गाळून घ्या (खडे निघतात), पूर्ण गार करा. कोमट पाक दह्यात ओतला तर सोडा पडताक्षणी काम उरकून मोकळा होतो.

तेल, केळी, दही, पाक एकत्र फेटा. कणीक, सोडा, पावडर, मीठ दोनदा चाळून त्यात घाला आणि उलथन्याने तळापासून वर फिरवत मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. जास्त घोटलं की चिकटा तयार होतो आणि ब्रेड चिवट होतो. भांडं आधी तापवून ठेवलेलंच हवं. मिसळलेलं मिश्रण थांबवलं की निम्मा फुगवटा गेला समजा.

आणि बेदाणे! आपल्याकडचे बेदाणे सुकवताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, म्हणून कोमट पाण्यात दोनदा धुवा. कापडावर कोरडे करा, मोठे असतील तर दोन तुकडे करा, चमचाभर कणकेत घोळवून सगळ्यात शेवटी घाला. ओले घातले तर तळ गाठणारच.

माहुली_सातारा
कढईबद्दल. रोजचा कुकर कोरडा तापवू नका. जाड बुडाची जुनी कढई घ्या, तळाला बोटभर मीठ, वर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. डबा ७ इंची, दोन तृतीयांशच भरायचा. नंतर बारीक आच, ५५ ते ६५ मिनिटं. पहिली ४० मिनिटं झाकण काढायचं नाही. शेवटची १० मिनिटं झाकण किंचित तिरकं ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी टपकून वरचा भाग पांढरा, चिकट राहतो. सुरी मधोमध घालून बघा, कडेची कोरडी आली म्हणून फसू नका. उतरवल्यावर डब्यात १० मिनिटं, जाळीवर तासभर, मगच कापा. गुळाचा ब्रेड गरम कापला की शिजलेला असूनही कच्चा वाटतो.

ओव्हन असेल त्यांनी १७० अंशांवर ५० मिनिटांनी बघावं. पाचगणी-महाबळेश्वरला, १,३०० मीटरच्या आसपास उंचीवर, हवेचा दाब कमी म्हणून तेवढ्याच सोड्यात जास्त फुगून बसतो. तिथे सोडा आणि पावडर दोन्ही थोडी कमी.

भाजणीवाली_कराड
खाऱ्याचं. नुसती भाजणी घेतली तर भुगा होईल, धरून ठेवायला गहू लागतोच. थालीपिठाची भाजणी १२० ग्रॅम, कणीक १२० ग्रॅम. भाजलेलं पीठ पाणी सावकाश पितं, म्हणून भाजणी आधी २०० ग्रॅम दही आणि १०० मिली पाण्यात १५ मिनिटं भिजवा. कांदा बारीक चिरून मीठ लावून पिळा, कोथिंबीर, ओवा, ६० मिली तेल, दीड चमचा कांदालसूण मसाला. मसाल्यात मीठ असतं, तेव्हा वरचं मीठ चाखून घाला. मग कणकेत २ छोटे चमचे बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा चाळून मिसळा. वर तीळ दाबून बसवा.

हळद घालणार असाल तर चिमूटभरच. सोडा नीट मिसळला नाही की हळदीवर लाल ठिपके उठतात, सांगलीच्या गडद हळदीवर तर जास्तच. ढोकळ्यात दिसतात तेच. खराब झालेलं नसतं, पण तिथे सोड्याचा गोळा राहिलाय हे नक्की.

विश्रामबाग_सांगली
बेदाण्याऐवजी स्ट्रॉबेरी चालेल का?

माहुली_सातारा
चालेल, पण सोडा पूर्ण काढा आणि बेकिंग पावडर २ छोटे चमचे करा. उरलेल्या सोड्याने लाल रंग मळकट जांभळा होतो. १०० ग्रॅम फोडी घ्या, साखर लावू नका (पाणी सुटतं), कापडावर टिपून कणकेत घोळवा. गुळाचं पाणी ५० ऐवजी ३० मिली.