मदत हवी आहे: तलावाकाठच्या लॉनला फॉस्फरसविरहित खत कसं द्यावं?

लॉन ४०० चौरस मीटर, उतार थेट तलावाकडे. माती परीक्षणात ओल्सेन फॉस्फरस (म्हणजे ओल्सेन पद्धतीने मोजलेला, झाडांना मिळू शकणारा फॉस्फरस) प्रतिकिलो ४२ मिलिग्रॅम आलाय, म्हणजे भरपूर. त्यामुळे १९-१९-१९ (नत्र-फॉस्फरस-पालाश यांचे टक्के) हे खत बाद. पिशवीवरचा मधला आकडा शून्यच हवा, कारण गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसवरच अडलेली असते. तो वाहून गेला की पाणी हिरवं होतं, पुढे शेवाळ कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

३०-०-१० हे हळूहळू विरघळणारं खत निवडलंय. १०० चौरस मीटरला अर्धा किलो नत्र धरलं तर एकूण २ किलो नत्र, म्हणजे साधारण पावणेसात किलो खत. जोरदार पावसाचा अंदाज असेल तर टाकणार नाही. टाकल्यावर हलकं पाणी, जेमतेम ५-६ मिलिमीटर. फरशीवर उडालेले दाणे झाडून परत गवतात. कापलेलं गवत तिथेच राहील, त्यातून नत्र परत मिळतं.

अडचण काठाची आहे. फिरत्या चकतीचं यंत्र दाणे पाण्यापर्यंत फेकतं. सरळ खाली दाणे सोडणारं यंत्र घ्यावं, की चकतीला एका बाजूने आडोसा लावून भागतं? काठाशी ३ मीटर पट्टा न कापता, खताविना सोडायचा विचार आहे. ८ टक्के उताराला तो पुरेल का?

शेणखताचा पातळ थर सुचवला जातोय, पण गवताला नत्र पुरेल इतकं ते टाकलं तर फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त पडतो. ते टाळून माती भुसभुशीत ठेवायला कोणी काय वापरलंय?