प्रोफाइलिंगला मराठीत काय म्हणावं? कीर्द, खतावणी, तोलाई

ऐरोली : बॅश या शेलमधली (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) लांबलचक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या कमांडांची फाइल, नेमकी कुठे वेळ खाते, हे ओळवार दाखवणारी एक कमांड आम्ही चार-पाच जण मिळून बनवतोय. अशा मोजणीला इंग्रजीत प्रोफाइलिंग म्हणतात. स्क्रिप्टचं नाव द्यायचं, ती नेहमीसारखी चालते आणि शेवटी तक्ता येतो: कुठली ओळ किती वेळा चालली, तिला स्वतःला किती वेळ लागला, तिने बोलावलेल्या फंक्शनांसकट किती. काम होत आलंय, घोडं अडलंय ते मदतपानावर. ते मराठीत द्यायचं आहे, कारण वापरणारी बरीच मंडळी मराठी माध्यमातून आलेली आहेत.

'प्रोफाइल' तसंच ठेवावं तर शेलमध्ये त्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे. लॉगिन होताना वाचली जाणारी फाइल म्हणजे डॉट-प्रोफाइल. पॉवरशेलमध्येही डॉलर-प्रोफाइल म्हटलं की सुरुवातीला चालणाऱ्या स्क्रिप्टचा पत्ता मिळतो. आणि शेलच्या बाहेर प्रोफाइल म्हणजे फोटो आणि दोन ओळींचा बायोडेटा. एकाने 'पार्श्वचित्रण' सुचवलं, त्यावर दुपारचा चहा होईपर्यंत हसत होतो. जरा बरं काही सुचवा.

नौपाडा : मूळ शब्द इटालियन, प्रोफिलो. त्यातला 'फिलो' म्हणजे धागा. बाजूने दिसणारी चेहऱ्याची कड रेघेने काढायची, ते प्रोफाइल. त्या हिशेबाने 'रूपरेषा' जवळचा; पण आपण रूपरेषा आखतो ती अजून व्हायच्या गोष्टीची. संमेलनाची रूपरेषा, अभ्यासक्रमाची रूपरेषा. तुमची कमांड होऊन गेलेल्याचं सांगते. सरळ 'कालमापन' म्हणा.

कळवा : कालमापन म्हणजे टाइम ही कमांड झाली की! ती तीन आकडे देते, रिअल (घड्याळाचा वेळ), यूजर आणि सिस (प्रोसेसरने प्रत्यक्ष कामाला दिलेला वेळ). 'स्लीप ५' देऊन बघा: रिअल पाच सेकंद, बाकीचे दोन शून्याला टेकलेले, कारण प्रोसेसरने काही केलंच नाही, नुसती वाट पाहिली. एकूण किती लागला हे त्यातून कळतं, कुठे लागला हे कळत नाही. प्रोफाइलिंगचा सगळा जीव त्या 'कुठे'त आहे. माझ्याकडून 'झाडाझडती'.

नौपाडा : झाडाझडती चोराची घेतात हो. इथे ओळ बिचारी आपलं काम करतेय.

वाशी, दाणाबंदर : संगणकातलं मला फार कळत नाही, मुलगा त्या धंद्यात आहे म्हणून हे वाचतोय. पण तुम्ही जे वर्णन करताय त्याला आमच्या पेढीवर शब्द आहेत, आणि ते अकरावी कॉमर्सच्या पुस्तकातही आहेत.

व्यवहार झाला की तो ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने लिहायचा, ती कीर्द. सकाळी अमक्याला गहू दिले, मग हमालांना पैसे दिले, मग पुन्हा त्याच अमक्याकडून रक्कम आली. कीर्द वाचून दिवस कसा गेला ते कळतं, पण अमक्याकडे किती येणं आहे हे कळायला सगळी पानं चाळावी लागतात. म्हणून कीर्दीतली एकेक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायची. ती खतावणी. तिला क्रियापदही आहे, नोंदी 'खतावणे'. आणि सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर घेतल्या की तेरीज.

तुमचा तक्ता खतावणीच वाटतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक खातं.

ऐरोली : काका, अहो, आमची कमांड आतून अशीच चालते! जरा सविस्तर लिहितो, म्हणजे शब्द बसतात का ते सगळ्यांना तपासता येईल.

बॅशला 'सेट -एक्स' सांगितलं की प्रत्येक कमांड चालवण्याआधी ती छापली जाते. छापताना पुढे काय लावायचं ते पीएस-४ या व्हेरिएबलमध्ये ठेवतात. त्यात आम्ही घड्याळ, ओळीचा क्रमांक आणि फंक्शनचं नाव बसवलं. हे सगळं वेगळ्या फाइलकडे वळवलं, म्हणजे स्क्रिप्टच्या स्वतःच्या चुकांच्या संदेशांत ते मिसळत नाही. ही झाली कीर्द. उदाहरणादाखल तीन नोंदी:

ओळ ४१, घड्याळ ०.११२००४
ओळ ४२, घड्याळ ०.११२०९०
ओळ ४३, घड्याळ ०.५३०११५

नोंद कमांड चालण्याआधी पडते, त्यामुळे दोन नोंदींमधला फरक आधीच्या ओळीच्या खात्यावर जातो. ४१ च्या नावे ८६ मायक्रोसेकंद, ४२ च्या नावे ४,१८,०२५. बेचाळिसाव्या ओळीवर नेटवर्कवरच्या फोल्डरात फाइली शोधणारी फाइंड कमांड आहे, तेव्हा नवल नाही. मग ऑक या मजकूर चाळणाऱ्या कमांडने ओळीच्या क्रमांकावर बेरजा केल्या की खतावणी तयार.

एक खोच आहे. कंसातली कमांड आधी चालवून तिचं उत्तर व्हेरिएबलमध्ये भरायचं असेल, तर कीर्दीत आतली नोंद आधी येते आणि बाहेरची मागून. पुढे लागलेल्या अधिक-चिन्हांची संख्या वाढते, त्यावरून खोली ओळखायची. एवढं सांभाळलं नाही तर नावं चुकतात, खर्च भलत्याच्याच खात्यावर चढतो.

म्हणजे ट्रेस, चाललेल्या कमांडांची ही छापील यादी, ती कीर्द, अहवाल ती खतावणी. हे पक्कं धरतो. आता रकाने. ओळीचा स्वतःचा वेळ 'निव्वळ' आणि आतल्या फंक्शनांसकट 'ढोबळ', कसं वाटतं? निव्वळ नफा, ढोबळ नफा, त्या चालीवर.

कळवा : निव्वळ झकास. ढोबळ नको. 'ढोबळ मानाने दहा सेकंद' म्हटलं की ऐकणारा अंदाजे समजतो, आणि तुम्ही तर मायक्रोसेकंदापर्यंत मोजताय. साधं 'एकूण' ठेवा. झेड-शेल या दुसऱ्या शेलमधल्या झेड-प्रोफ या प्रोफाइलिंगच्या साधनाच्या तक्त्यातही आधी पोटच्या फंक्शनांसकटचे रकाने येतात, मग फक्त स्वतःचे. निव्वळ आणि एकूण, जोडी बसते.

महापे : 'संचयी' कुणी सुचवू नका म्हणजे झालं. १९८२ साली मांडलेल्या जीप्रोफ या प्रोफाइलिंगच्या साधनाच्या सपाट तक्त्यात तशा नावाचा रकाना आहे आणि त्यात भलतंच असतं: वरच्या ओळींपासून त्या ओळीपर्यंतची चढती बेरीज. नवे लोक हमखास तिथे घसरतात. त्यांना वाटतं, हा आतल्या सगळ्या फंक्शनांसकटचा वेळ.

आणि जीप्रोफचा विषय निघालाच आहे तर, तो सगळंच मोजत नाही. कोणतं फंक्शन किती वेळा बोलावलं ही मोजणी खरी. वेळ मात्र ठरावीक टिकेला, बहुधा ०.०१ सेकंदाला, 'आत्ता कोण चालू आहे' असं डोकावून काढलेला. अशा सॅम्पलिंगला शब्द काय? तुमची कमांड तशी नसली तरी मदतपानात फरक सांगावा लागेल.

वाशी, दाणाबंदर : वानगी. पोत्यात हात घालून मूठभर माल बघतात ती वानगी. 'वानगीदाखल' तर तुम्ही रोज म्हणता.

नौपाडा : वा! 'नमुना चाचणी'पेक्षा कितीतरी बरं. वानगीवरून भाव ठरतो, वजन ठरत नाही, हेही आपोआप कळतं.

ऐरोली : घेतला. काका, अजून एक अडलंय. मोजण्याचाच वेळ मोजमापात मिसळतो, त्याला काय म्हणू? बॅशच्या ५.० आवृत्तीत, २०१९ साली, मायक्रोसेकंद सांगणारं घड्याळ शेलच्या आतच आलं. त्याआधी दर नोंदीला डेट ही बाहेरची कमांड उठवावी लागे, म्हणजे दर वेळी नवी प्रोसेस. ओळ स्वतः शंभर मायक्रोसेकंदांत संपणारी आणि तिची वेळ विचारायलाच मिलिसेकंदाच्या घरात खर्च! सगळी खतावणी त्याच खर्चाने भरून जायची. आता तो पुष्कळ कमी झाला, पण नोंद छापण्याचा राहतोच.

वाशी, दाणाबंदर : तोलाई. माल तोलायची मजुरी. शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदात, हमाली, तोलाई वेगळी दाखवून वजा करायची रीत होती. लपवून भावात घातली तर पट्टी खोटी.

महापे : मग तुम्हीही वेगळी दाखवा. कोलन ही काहीच न करणारी कमांड हजारदा ओळीने चालवा, दर नोंदीची सरासरी काढा, ती झाली तोलाई. नोंदींच्या संख्येने गुणून तळाला स्वतंत्र ओळीत छापा. प्रत्येक ओळीतून परस्पर वजा करू नका. छोट्या ओळी उणे मध्ये गेल्या की लोक आकड्यांवर विश्वास ठेवत नाहीत.

कळवा : कमांडचं नाव देवनागरीत ठेवणार का? चालतं तसं, फाइलचं नाव 'खतावणी' ठेवून पाथमध्ये, म्हणजे शेल जिथे कमांड शोधतो त्या फोल्डरांत, टाकली की झालं. फक्त दर वेळी कीबोर्ड बदलत बसावं लागेल.

ऐरोली : खरं नाव रोमन लिपीत, देवनागरी नाव त्याला जोडलेलं, दोन्ही ठेवतोय. मदतपानाचा मसुदा असा:

'खतावणी ही कमांड स्क्रिप्ट चालवून तिची कीर्द लिहिते आणि ओळवार वेळ खतावते. निव्वळ: त्या ओळीचा स्वतःचा वेळ. एकूण: तिने बोलावलेल्या फंक्शनांसकट. तोलाई: मोजण्यासाठी लागलेला अंदाजे वेळ, वेगळा दाखवला आहे. ही वानगी नाही, प्रत्येक ओळ नोंदली जाते.'

महापे : स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनचं काय करताय? त्याचा 'एकूण' दर पातळीला पुन्हा धरला तर स्क्रिप्टच्या पूर्ण वेळेपेक्षा मोठा आकडा येईल. सर्वांत बाहेरच्या वेळचाच धरा, आणि मदतपानात तसं लिहा.

वाशी, दाणाबंदर : दुबार नोंद म्हणतात त्याला. पूर्वी अशा नोंदीवरून दिवाणजीची नोकरी जायची.