मदत हवी आहे: कोबेला अम्मी आणि मुलांसोबत ५ दिवस, निवांत

नमस्कार मंडळी, आम्ही चिपळूणचे, एप्रिलमध्ये जपानला जायचं ठरतंय, मी, बायको, दोन मुलं (६ आणि १०) आणि अम्मी, तिचे गुडघे दुखतात म्हणून टोकियो-क्योटो अशी पळापळ नको, एकाच शहरात राहायचंय आणि कोबे मनात भरलंय. मुख्य कारण तिथली मशीद, १९३५ ची, जपानमधली सगळ्यात जुनी, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातून आणि १९९५ च्या भूकंपातूनही उभी राहिलेली. अम्मीला तिथे एकदा तरी नमाज पढायचीच आहे.

आता प्रश्न. सान्नोमिया स्टेशनजवळ राहावं की वर कितानोत मशिदीच्या जवळ? कितानोला चढ आहे म्हणतात, अम्मीला जमेल का की टॅक्सीच बरी? खाण्याचं जास्त टेन्शन आहे, मशिदीच्या आसपास हलाल मिळतं हे कळलंय पण मुलांना रामेन (सूपमधले नूडल्स) खायचंय आणि सूप बऱ्याचदा डुकराच्या हाडांचं असतं, सॉसमध्ये मिरिन म्हणजे दारूच, तर दुकानात नेमकं काय विचारायचं, जपानीत एखादी चिठ्ठी लिहून नेली तर चालते का?

आणि आरिमाचे गरम झरे! अम्मीच्या गुडघ्यांना बरं वाटेल असं वाटतं पण तिथे सगळ्यांसोबत कपडे काढून उतरतात, ते आम्हाला शक्यच नाही. फक्त आपल्या कुटुंबापुरतं तासाभरासाठी कुंड मिळतं ना, मुक्काम न करता बुक होतं का? नुनोबिकीचा रोपवे अम्मीला झेपेल का?

कोणी घरच्या वयस्कर माणसांना घेऊन जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.