अनुभव धागा : घरी मोटारसायकल धुताना

धागाकर्ता

आज सकाळी समोरच्या घरातील मुलाने नुकत्याच फिरवून आणलेल्या मोटारसायकलच्या सायलेन्सरवर बादलीभर पाणी ओतले आणि तो 'चर्र' आवाज ऐकताच मला माझे मामा आठवले. गाडी धुण्यापूर्वी ते हाताची मागची बाजू इंजिनाच्या फिन्सजवळ, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांजवळ, धरून पाहत. धग जाणवली तर 'अजून दमलेली आहे, बसू द्या तिला' एवढेच बोलून आत निघून जात आणि आम्हा भाच्यांना बादलीला हातही लावू देत नसत. कारण त्यांनी कधी सांगितले नाही, ते पुढे स्वतःची गाडी आल्यावर समजले. तापलेल्या धातूवर पडलेले पाणी क्षणात उडून जाते, त्यातील क्षार मात्र तेथेच राहतात आणि क्रोमवर पांढरट डाग धरतात. शिवाय नुकत्याच वापरलेल्या ब्रेकच्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती सगळीकडे सारखी न आकसता वाकण्याचा धोका असतो.

धुण्याची क्रमवार कृती गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतेच. तिच्यात न मावलेले मला ऐकायचे आहे: कोणती सवय आपण कोणाकडून उचललीत, कोणती सोडलीत, आणि धुताना गाडीने आपल्याला काय दाखवले. माझ्यापुरते सांगायचे तर मी आधी नुसत्या पाण्याने, कोठेही न चोळता, वरून खाली गाडी भिजवतो आणि थोडा वेळ तशीच ठेवतो, म्हणजे मडगार्डच्या आतला वाळलेला चिखल आपोआप सुटतो. किल्लीच्या छिद्रावर चिकटपट्टी लावतो आणि सायलेन्सरच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधतो. ती पिशवी मुद्दाम भडक रंगाची निवडतो, कारण गाडी सुरू करण्यापूर्वी ती काढण्याची आठवण राहणे हे ती बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

दोन बादल्या

आपल्या मामांना नमस्कार सांगावा. माझा अनुभव बादल्यांचा आहे. टाकीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक गोलाकार ओरखडे चमकतात, ते बहुधा रस्त्यावर नव्हे तर धुतानाच पडतात. फडका धुळीवरून फिरतो, धूळ फडक्यात बसते, फडका पुन्हा त्याच बादलीत बुडतो आणि वाळूचे कण घेऊन पुन्हा रंगावर येतो. म्हणून मी एका बादलीत साबणाचे पाणी आणि दुसरीत नुसते पाणी ठेवतो, आणि फडका दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवतो. काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जो गाळ दिसतो, तो सगळा एरवी टाकीवर घासला गेला असता. चाके, साखळीजवळचा भाग आणि इंजिनाचा खालचा भाग यांसाठी वेगळा फडका असावा आणि तो चुकूनही टाकीकडे जाऊ नये, याबाबत मी घरात अप्रिय होण्याइतका कडक आहे.

कपडे धुण्याची पावडर वापरू नये. ती चांगलीच अल्कधर्मी असते. त्यामुळे रंगावरचा मेणाचा थर निघून जातो आणि उघडे अॅल्युमिनियमचे भाग निस्तेज, पांढुरके होतात. वाहनांसाठीचा सौम्य शाम्पू पुरतो, आणि तोही थोडाच लागतो.

घाईत

स्वयंपाक चालू असल्यामुळे थोडक्यात लिहिते. उन्हात धुऊ नये. एक बाजू घासून होईपर्यंत दुसऱ्या बाजूचा साबण वाळतो आणि डाग काढण्यासाठी पुन्हा सगळी गाडी धुवावी लागते. बाकी संध्याकाळी लिहीन.

साखळीवाला

टाकीची चमक सगळ्यांनाच दिसते, साखळीकडे मात्र कोणी पाहत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ओ-रिंग असलेल्या साखळीत प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, यांच्या मधले ग्रीस कारखान्यातच भरून रबराच्या बारीक कड्यांनी बंद केलेले असते. आपण बाहेरून जे तेल लावतो ते त्या ग्रीसची जागा घेत नाही. ते रबराच्या कड्या मऊ ठेवते, गंज रोखते आणि साखळीचे रोलर व स्प्रॉकेट (साखळी ज्यावर फिरते ते दातेरी चाक) यांच्यातील घर्षण कमी करते. एवढे लक्षात आले की पुढचे सगळे आपोआप कळते. तारेच्या ब्रशने त्या कड्या फाटतात आणि आतले ग्रीस बाहेर पडू लागते, म्हणून ब्रश नायलॉनचाच हवा. जुना दातांचा ब्रश उत्तम. पेट्रोलने रबर खराब होते, शिवाय पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, तर रॉकेलला त्यासाठी सुमारे ३८ अंशांच्या वर तापावे लागते. त्यामुळे मी फडक्यावर रॉकेल घेऊन साखळी पुसतो, लगेच कोरडी करतो आणि त्यानंतरच तेल लावतो. रॉकेलसुद्धा विस्तवापासून दूर आणि मोकळ्या हवेतच वापरावे, हे वेगळे सांगायला नको. तेल साखळीच्या आतल्या बाजूने, म्हणजे स्प्रॉकेटला टेकणाऱ्या बाजूने लावावे. चाक फिरू लागले की ते आपोआप बाहेरच्या बाजूला पसरते. जास्तीचे पुसून टाकावे, अन्यथा पहिल्याच फेरीत ते मागच्या टायरवर उडते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चाक हाताने फिरवावे. गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन चालू करून, गियर टाकून फिरत्या साखळीवर फडका धरणारे लोक मी पाहिले आहेत. फडका साखळीत ओढला गेला तर त्याच्यामागोमाग बोटे स्प्रॉकेटपर्यंत जातात. इंजिन बंद, गियर न्यूट्रल आणि किल्ली खिशात, हा क्रम मी कधीही मोडत नाही.

धागाकर्ता

साखळीवाले, आपला प्रतिसाद छापून गाडी ठेवण्याच्या जागेत लावतो आहे. माझी साखळी धुतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी लालसर दिसते. त्याचे कारण काय असावे?

साखळीवाला

पाणी पूर्ण निघण्याआधी आपण तेल लावत असाल, किंवा गाडी धुऊन रात्रभर तशीच उभी राहत असेल. धुतल्यावर एक छोटी फेरी मारावी. पाणी झटकले जाते, साखळी किंचित कोमट होते आणि मग लावलेले तेल नीट शिरते. लाली केवळ बाहेरच्या पट्ट्यांवर असेल तर घाबरू नये, पण साखळीचे दुवे ताठ होऊन वळेनासे झाले असतील तर साखळी दाखवून घ्यावी.

टाकीचे झाकण

हा अनुभव मुद्दाम लिहितो, कारण याची चर्चा फारशी होत नाही. गाडी धुतली की दुसऱ्या दिवशी ती धक्के देत चालायची आणि काही अंतर गेल्यावर बंद पडायची. प्लग बदलला, फिल्टर बदलला, पण उपयोग झाला नाही. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकांनी पेट्रोल भरण्याचे झाकण उघडले आणि त्याच्या कडेच्या खाचेतले एक बारीक छिद्र दाखवले. झाकणाभोवती साचणारे पाणी त्या छिद्रातून एका नळीवाटे गाडीखाली वाहून जाते. माझ्या गाडीत ते छिद्र धूळ आणि मेणाच्या पॉलिशने पूर्ण बुजलेले होते. पाणी तेथे साचत होते आणि झाकणाच्या जुनाट रबरावरून थेट टाकीत उतरत होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते आणि इंजिनाकडे पेट्रोल जाते तेही तळातूनच. त्यामुळे पेट्रोलऐवजी आधी पाणीच पुढे सरकत होते. मेकॅनिकांनी एका मऊ तारेने छिद्र मोकळे केले आणि टाकी रिकामी करून वाळवली, तेव्हा तो आजार थांबला. आता धुण्यापूर्वी मी त्या खाचेत चमचाभर पाणी टाकून ते खाली ठिबकते की नाही हे पाहतो. पुस्तिकेत या छिद्राविषयी एक ओळही नाही, याचे मला अजून नवल वाटते.

घाईत

बाप रे! आमच्या गाडीचे छिद्र आत्ताच पाहून आले. पूर्ण बुजलेले होते, टाचणीने मोकळे केले. धन्यवाद. कुकरची शिट्टी झाली, निघते.

फवारा

वरील अनुभवाला जोडून लिहितो. अनेक इंजिनांत स्पार्क प्लग एका खोल खळग्यात बसवलेला असतो आणि त्या खळग्यातले पाणी जाण्यासाठी बाजूला एक छिद्र असते. तेही चिखलाने बुजते आणि मग धुतल्यावर गाडी एका दमात सुरू होत नाही.

आता माझा मूळ मुद्दा. घरी वापरण्याच्या प्रेशर वॉशरचा दाब साधारण १०० ते १५० बार असतो. भिंत किंवा फरशी धुण्यासाठी तो ठीक आहे. चाकांच्या आणि हँडलच्या बेअरिंगवरची सीले मात्र पावसाचे पाणी आणि उडणारी धूळ अडवण्यासाठी असतात, इतक्या दाबाने मारलेली धार अडवण्यासाठी नसतात. पाणी आत गेले की ग्रीस दुधाळ होते, आणि काही महिन्यांनी हँडल वळवताना मध्येच अडकल्यासारखे वाटू लागते. तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही. रेडिएटरच्या नाजूक फिन्स तर धारेने सरळ आडव्या होतात. एका धुलाई केंद्रात माझ्या गाडीच्या वायरिंगच्या जोडावर अशी धार मारली गेली होती आणि परतीच्या वाटेवर एक इंडिकेटर स्वतःच्या मर्जीने लागत होता. तेव्हापासून घरी झाडांची झारी वापरतो. शेजारी हसतात, पण पाणी थोडक्यात होते आणि हवे तेथेच पडते.

मांजरप्रेमी

आपण सगळे इतके मन लावून गाडी धुता, हे वाचून मला माझीच गंमत वाटली. माझी गाडी पुसून कोरडी झाली की आमची मांजर पाच मिनिटांच्या आत सीटवर चढून बसते आणि टाकीवर पावलांची नक्षी काढून जाते. आच्छादन घालून पाहिले, तर ती आता आच्छादनावर झोपते. यावर कोणाकडे उपाय असल्यास सांगावा. गाडीवर करायचा उपाय नको, मांजरीवर करायचा हवा.

दोन बादल्या

मांजरीवर उपाय नसतो. पावलांचे ठसे कोरड्या फडक्याने मात्र पुसू नका, आधी ओले करा.

मागे बसणारी

मी गाडी चालवत नाही, मागे बसते, त्यामुळे माझे मत त्याच जागेवरून आहे. सीट चमकवण्याचे पॉलिश कृपया लावू नये. आमच्याकडे यजमानांनी एकदा हौसेने लावले होते आणि प्रत्येक ब्रेकला मी घसरत पुढे जात होते. सीट ओल्या फडक्याने पुसली तरी पुरते. शिवण उसवलेली असेल तर पाणी ओतूच नये, कारण आतला फोम ते पिऊन बसतो आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या सीटवरून उठल्यावर कपड्यांची जी अवस्था होते, ती चारचौघांत स्पष्ट करता येत नाही.

ब्रेक आधी

वरील ताईंशी पूर्ण सहमत आहे, आणि हीच गोष्ट टायरच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. टायर काळेभोर करणारे द्रव रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीही लागता कामा नयेत, आणि कडेला लावले तरी वळणावर गाडी झुकते तेव्हा तोच भाग रस्त्याजवळ येतो. डिस्कवर पॉलिश, मेण किंवा गंज सोडवणारा फवारा उडाला तर ब्रेक पॅड ते शोषून घेतात आणि नंतर कितीही पुसले तरी ब्रेक पूर्वीसारखा लागत नाही. डिस्कसाठी मी ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड एवढेच वापरतो.

धुतलेली गाडी घेऊन थेट रहदारीत शिरू नये. ओली डिस्क पहिल्या दाबाला नीट पकडत नाही, आणि ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरले असेल तर तो कोरडा व्हायला अधिक वेळ लागतो. मोकळ्या जागेत सावकाश चालवत दोन्ही ब्रेक हलकेच दाबत राहावे आणि पकड परत आल्याची खात्री झाली की मगच बाहेर पडावे.

हळूहळू

मी वयाने बराच मोठा आहे आणि आता गाडी क्वचितच चालवतो, पण दर आठवड्याला धुतो मात्र मीच. धागाकर्त्यांनी विचारले आहे की धुताना गाडीने काय दाखवले, त्याला माझे उत्तर असे की चालवताना जे कधीच कळले नसते, ते. मागच्या चाकाचे स्पोक फडक्याने एकेक पुसताना त्यातला एक बोटाला सैल लागला. टायरच्या खाचेत रुतलेला खिळा हवा जाण्यापूर्वीच सापडला. पुढच्या शॉकअॅब्जॉर्बरच्या चकचकीत दांड्यावर तेलाचे पुसट वलय दिसले, आणि ते पुसल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, तेव्हा सील गळू लागल्याचे समजले. मळलेल्या दांड्यावर ते वलय दिसलेच नसते. सायलेन्सरच्या पट्टीचा एक बोल्टही असाच हाताला हलताना लागला होता. घाई करणाऱ्या माणसाला यातले काहीच दिसत नाही, म्हणून मुलगा 'मी पटकन धुऊन देतो' म्हणतो तेव्हा मी त्याला नाही म्हणतो. त्याला वाटते की मला त्याचे काम पसंत नाही.

फवारा

आजोबा, ते वलय दिसल्यावर सील लगेच बदलून घेतलेत का?

हळूहळू

होय, दोन्ही बाजूंची एकदमच बदलली. एक गळले की दुसरेही तेवढेच जुने असते.

मॅट रंग

एक शंका आहे. माझ्या गाडीचा रंग मॅट आहे आणि टाकीवर पक्ष्याची विष्ठा वाळली आहे. पॉलिशने निघेल का?

दोन बादल्या

पॉलिश अजिबात नको. मॅट रंगावर घासलेली जागा चकाकू लागते आणि ती चकाकी पुन्हा घालवता येत नाही. ओले कापड त्या डागावर काही वेळ ठेवा, मऊ झाल्यावर न रगडता उचलून घ्या आणि साध्या पाण्याने धुवा. विष्ठेतील आम्लामुळे रंग उतरतो, म्हणून सुट्टीच्या दिवसाची वाट पाहू नका.

घाईत

आता निवांत आहे. साखळी पुसून झाल्यावर उरलेले काळे रॉकेल कोठे टाकायचे, हे कोणीच लिहिले नाही. आमच्याकडे ते गटारात ओतले जाते आणि ते मला पटत नाही.

साखळीवाला

गटारात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नये. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ते काही दिवस तसेच ठेवावे. गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळलेले रॉकेल पुढच्या वेळी पुन्हा वापरता येते. खालचा गाळ वापरलेल्या इंजिन ऑइलबरोबर गॅरेजमध्ये द्यावा, त्यांच्याकडे ते गोळा करण्याची सोय असते. डब्यावर ठळक अक्षरांत 'रॉकेल' असे लिहून तो मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावा, कारण निवळलेले रॉकेल पाण्यासारखेच दिसते.