शब्दचर्चा : 'पदक' म्हटलं की शर्यत आठवते, मग राजाच्या मेडलला काय म्हणावं?

शाईपेन
मंडळी, डोक्याला ताप झालाय. एका संग्राहकांकडच्या इंग्लंडच्या जुन्या नाण्यांचं छोटं प्रदर्शन आहे. त्याच्या पाट्या मराठीत करून देतेय. नाण्यांपर्यंत बरं चाललं होतं. मग सहाव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचं १५४७ सालचं मेडल आलं (प्रतिकृती आहे, अस्सल नव्हे). मी बिनधास्त 'राज्याभिषेक पदक' लिहिलं. संग्राहकांच्या सूनबाईंनी पाटी वाचली आणि विचारलं, "एवढ्याशा पोराला पदक कशाबद्दल मिळालं?" पोरगा खरंच नऊ वर्षांचा होता, पण त्याला ते मिळालं नव्हतं, त्याच्या नावाने काढलं होतं. मराठीत हा फरक कसा दाखवायचा?
दुसरं म्हणजे, 'हॅमर्ड पेनी'ला (हातोड्याने ठोकून पाडलेल्या पेनीला) मी 'आहत पेनी' केलंय. त्यावरही एकांनी नाक मुरडलं.

चहाबाज
घणाघाती पेनी. पुढचा प्रश्न?

खुर्दा
नाक मुरडणाऱ्यांचं बरोबर आहे, ताई. 'आहत नाणी' हा शब्द आपल्याकडे आधीच अडकलेला आहे. मौर्यकाळातले आणि त्याआधीचे ते चांदीचे वेडेवाकडे तुकडे, ज्यांच्यावर सूर्य, डोंगर, बैल असे सुटे सुटे ठसे मारलेत, त्यांना आहत म्हणतात. इंग्लिश पेनीचं तंत्र वेगळं. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात घट्ट बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा हाताने धरायचा आणि हातोड्याचा घाव. दोन्ही बाजू एका दमात उमटतात. घाव थेट वरचा ठसा खायचा, म्हणून तो आधी झिजायचा. हातात घेतलीत तर दिसेल, राजाचा चेहरा एकीकडे सरकलेला असतो आणि अक्षरं काठावरून पडलेली.
माझं मत 'ठोकीव'. घडीव, कोरीव, रेखीव, तसं ठोकीव.

शुद्धमती
ठोकीव हे 'ठोकळा'च्या जवळ जातं आणि कानाला खटकतं. 'घनताडित' का नको?

चहाबाज
घनताडित पेनी पाहायला कोणी येणार नाही हो शुद्धमतीताई. ठोकीव पाहायला निदान पोरं येतील.

खुर्दा
गंमत अशी की मध्ययुगातल्या माणसाला या विशेषणाची गरजच नव्हती. आठव्या शतकात इंग्लंडातल्या मर्शिया राज्याचा ओफा राजा पेन्या पाडत होता तेव्हापासून सगळी नाणी हातोड्याचीच. १५६१ मध्ये एलॉय मेस्ट्रेल नावाचा फ्रेंच कारागीर लंडनच्या टांकसाळीत यंत्र घेऊन आला, जुन्या कारागिरांनी त्याला टिकू दिलं नाही, आणि यंत्राचं नाणं कायमचं सुरू झालं ते थेट १६६२ मध्ये. यंत्रमाग आल्यावर साध्या मागाला 'हातमाग' म्हणावं लागलं, तसलाच हा प्रकार. पाटीवर नुसतं 'चांदीची पेनी' लिहिलंत तरी काही बिघडत नाही.

शुद्धमती
मूळ प्रश्नाकडे येते. मेडलसाठी 'स्मृतिमुद्रा' हा निर्दोष शब्द आहे. 'मुद्रा'मध्ये ठसा आहे, 'स्मृती'मध्ये हेतू आहे. आपल्याकडे शब्द नसतात असं नाही, आपण ते वापरायला लाजतो.

जुना टंकलेखक
मुद्रा म्हटलं की आमच्या पिढीला चेहरा आठवतो, नाहीतर राजमुद्रा, म्हणजे शिक्का. पुढच्या पिढीला कर्ज आठवतं.
सरळ 'बिल्ला' म्हणा ना. आमच्या वडिलांना १९३७ साली सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला शाळेत एक पत्र्याचा बिल्ला आणि एक पेढा मिळाला होता. पेढा लगेच संपला, बिल्ला कपाटात कित्येक वर्षं होता. त्यावर राजा-राणी दोघांचे चेहरे. घरात त्याला कोणी मेडल म्हटलं नाही, पदक तर नाहीच. 'राजाचा बिल्ला'.

शुद्धमती
काका, बिल्ला हमालाचा असतो. आणि बिल्ल्याला मागे पिन असते. एडवर्डच्या मेडलला पिन नाही.

जुना टंकलेखक
पिन नसली तर बिल्ला नाही, हे कुठल्या व्याकरणात लिहिलंय?

लेस्टरवाली
'पदक'ला इतक्या लवकर हाकलू नका. पदक हा मुळात दागिना, हाराच्या मधोमध लोंबणारा. बक्षिसाचा अर्थ नंतर चिकटला. आणि इंग्लंडात तर एक नाणंच गळ्यातलं पदक झालं. चौथ्या एडवर्डने १४६५ मध्ये 'एंजल' नावाचं सोन्याचं नाणं काढलं, किंमत ६ शिलिंग ८ पेन्स. वर सेंट मायकेल ड्रॅगनला भाल्याने भोसकतोय. त्या काळी समजूत होती की राजाने हात लावला की गंडमाळा (मानेवरच्या गाठींचा रोग) बऱ्या होतात. राजा रोग्याला हात लावायचा आणि हे नाणं भोक पाडून गळ्यात बांधायचा. पुढे नाणं म्हणून एंजल बंद पडलं, पण विधी चालूच, म्हणून खास त्यासाठी तसल्याच चित्राच्या चकत्या पाडू लागले. बाजारात त्यांची किंमत शून्य.
१७१२ मध्ये ॲन राणीने अशी एक चकती एका लहान मुलाच्या गळ्यात बांधली. तो मुलगा म्हणजे पुढचा कोशकार सॅम्युअल जॉन्सन. गंडमाळा काही गेल्या नाहीत, पण त्याने ती जन्मभर घातली. आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.
आता सांगा, हे नाणं, पदक की ताईत?

चहाबाज
ताईत. निकाल लागला.

शाईपेन
लेस्टरवाली, भारी आहे हे! पण माझ्या पाटीवर गंडमाळा नाहीत हो, राज्याभिषेक आहे.

खुर्दा
पुतळ्यांची माळ विसरलात सगळे. व्हेनिसचं सोन्याचं डुकॅट इकडे आलं, त्यावर उभी माणसं कोरलेली, म्हणून आपल्या बायकांनी त्याला 'पुतळी' म्हटलं आणि कडी लावून गळ्यात घातलं. नंतर सोनार नुसता तसला छाप मारून पुतळ्या करू लागले. म्हणजे एंजलचीच कथा, फक्त रोग नाही.
माझी फूटपट्टी सोपी आहे. राजा ज्या चकतीच्या बदल्यात बाजारात माल मिळेल अशी हमी देतो ते नाणं. हमी नाही ते मेडल. म्हणून १६७४ च्या राज्याभिषेकाचा शिवराई होन, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति', हे प्रसंगाचं असूनही नाणंच. उलट पहिल्या जेम्सच्या १६०३ च्या राज्याभिषेकात वाटलेली चांदीची छोटी चकती, जिच्यावर त्याने स्वतःला ब्रिटनचा सीझर म्हणवून घेतलंय, ती मेडल.
आणि पाटीवर 'मध्ययुगीन मेडल' असं काही लिहिलं असेल तर खोडा. मेडल हा प्रकारच इटलीतला, १४३८ च्या सुमाराला पिसानेल्लो या चित्रकाराने बायझंटाइन सम्राटाचं केलं तिथून धरतात. इंग्लंडात राज्याभिषेकाचं पहिलं म्हणजे तुमच्या एडवर्डचंच. पाठीवर हिब्रू आणि ग्रीक मजकूर आहे ना? म्हणजे ते बाजारासाठी नव्हतंच, पंडितांना दाखवायला होतं.

शाईपेन
आहे, हिब्रू आणि ग्रीक दोन्ही आहे. 'मध्ययुगीन' खोडते.
जाता जाता, 'ग्रोट'ला मी 'चवली' करतेय. चार पेन्यांचं नाणं, म्हणून.

जुना टंकलेखक
अहो नाही! चवली म्हणजे दोन आणे. चार आण्यांची ती पावली. आम्ही चवली घेऊन शेंगदाणे आणायला जायचो, मला शिकवू नका.

शाईपेन
काका, मग दोन आण्यांना 'चव' कुठून आलं?

जुना टंकलेखक
चार ढब्बू. ढब्बू पैसा म्हणजे दोन पैसे, आण्याचे चार पैसे, म्हणून दोन आण्यांत चार ढब्बू. आमच्या वाड्यातले दुकानदार असंच सांगायचे.

शुद्धमती
दुकानदारांची व्युत्पत्ती प्रमाण मानायची का आता?

खुर्दा
ग्रोट ग्रोटच राहू द्या. पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये काढलं, त्याच सुधारणेत अर्धी पेनी आणि पाव पेनी गोल नाणी म्हणून आली. पाव पेनी म्हणजे फार्दिंग, आणि फार्दिंगचा अर्थच चौथा हिस्सा. त्यामुळे नावाने पाहिलं तर आपली पावली ही फार्दिंगची बहीण. रुपयाचा पाव आणि पेनीचा पाव, एवढाच फरक.
त्याआधी अर्धी पेनी हवी असेल तर लोक पेनी कात्रीने कापायचे. नाण्याच्या पाठीवर क्रॉस असायचा, त्या रेषेवरून दोन किंवा चार तुकडे. आपण 'मोड द्या' म्हणतो, हे लोक खरोखर मोडायचे. मला वाटतं 'मोड' हा शब्द मध्ययुगीन इंग्लंडात जितका शोभला असता तितका इथेही शोभत नाही.

लेस्टरवाली
कापायची सवय लागली की कडाही कातरतात. म्हणून १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीने क्रॉसचे चारही हात काठापर्यंत लांबवले. एकही टोक गायब दिसलं की नाणं घ्यायचं नाही.

चहाबाज
थांबा थांबा! क्रॉस, कापणे… 'छापा-काटा'तला काटा इथला तर नाही? एकीकडे राजाची छाप, दुसरीकडे कापायची काट!

शुद्धमती
मध्ययुगीन लंडनची पेनी सदाशिव पेठेत कोणी उडवली होती?

लेस्टरवाली
हसू नका, इंग्रज स्वतः नाणेफेकीला 'क्रॉस अँड पाइल' म्हणायचे, फ्रेंचमधून घेतलेलं. क्रॉस म्हणजे क्रॉसची बाजू, पाइल म्हणजे खालचा ठसा. खुर्दांनी सांगितलेला ओंडक्यातला तोच. पण आपला काटा तिकडून आला म्हणणं म्हणजे जरा…

जुना टंकलेखक
क्रॉसला मराठीत फुली म्हणतात. फुली-गोळा खेळतो आपण. मग छापा-फुली झालं असतं. काटा म्हणजे तराजूचा काटा असावा, जुन्या काही नाण्यांवर तराजू असे. मुंबईच्या कंपनीच्या पैशावर मी पाहिलाय, बाजूला अरबीत 'अदल', म्हणजे न्याय.

खुर्दा
काका, तराजूचा पैसा खरा आहे, माझ्याकडेही आहे. पण त्यावरून सगळ्या मुलुखाने काटा म्हणायला सुरुवात केली, याला पुरावा लागेल. हिंदीतलं चित-पट पाहा, त्यात ना राजा ना तराजू, नुसतं उताणं आणि पालथं.

शुद्धमती
व्युत्पत्तीच हवी असेल तर खरी घ्या. पेनीचं संक्षिप्त रूप इंग्रज 'डी' लिहायचे, ते रोमन 'डेनारियस'वरून. त्याचंच आपल्याकडे 'दीनार' झालं, गुप्तांच्या लेखांत आहे. आणि ग्रीक द्राख्मेचं द्रम्म, द्रम्मचं दाम. यादवांच्या लेखांत द्रम्म सापडतात. 'दाम करी काम' म्हणताना आपण ग्रीक बोलत असतो.

चहाबाज
म्हणजे 'घनताडित'चा आग्रह धरणाऱ्या शुद्धमतीताई रोज ग्रीक पैसे मोजतात.

शुद्धमती
दोन हजार वर्षं मुरलेला शब्द आणि काल आयात केलेलं 'मेडल' यात फरक आहे.

लेस्टरवाली
मग मेडलला दोन हजार वर्षं द्या की.

शाईपेन
'स्मृतिपदक, राज्याभिषेकानिमित्त काढलेले' असं लिहिलं तर? 'मिळालेले' नव्हे, 'काढलेले'. सूनबाईंचा प्रश्न तरी सुटेल.

शुद्धमती
स्मृतिपदक म्हणजे कोणी वारलंय असं वाटतं.

जुना टंकलेखक
बिल्ला.

चहाबाज
काका, ते ढब्बूचं राहिलं. ढब्बू पैशावरून ढब्बू मिरची, की ढब्बू मिरचीवरून ढब्बू पैसा?

जुना टंकलेखक
पैसा आधी. ती मिरची आमच्या लहानपणी बाजारात कुठे होती?

लेस्टरवाली
पण ढब्बू हे विशेषण दोन्हींच्या आधीचं असू शकतं. आमच्याकडे जाड्या मुलाला ढब्ब्या म्हणायचे.

खुर्दा
आमच्याकडे कोल्हापुरात ढब्बूच म्हणतात, 'सिमला' म्हटलं की भाजीवाली तोंडाकडे बघते. यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.